ओव्ह्युलेशनच्या दिवसांत अंडाशयात काय घडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीबद्दल आता बरंच मोकळेपणाने बोललं जातं. पण दोन पाळ्यांच्या मधले ओव्ह्युलेशनचे, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडण्याचे, जे तीन-चार दिवस असतात, ज्यांच्यासाठी हे सगळं चक्र चालतं, त्यांच्याबद्दल मात्र बहुतेक जणींना 'चौदाव्या दिवशी अंडं फुटतं' यापलीकडे काही सांगितलेलं नसतं. त्या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या दुरुस्त करताना पुढचे प्रश्न आपोआप येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सोनोग्राफीनंतर 'अंडं फुटलं' असं सांगतात. म्हणजे नेमकं काय फुटतं?

स्त्रीबीज फुटत नाही. फुटते ती त्याच्याभोवतीची द्रवाने भरलेली पिशवी. रिपोर्टवर तिलाच फॉलिकल म्हटलेलं असतं. पिकलेलं फॉलिकल साधारण १८ ते २५ मिलिमीटरचं असतं आणि त्यातलं बीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचं. एवढं बारीक बीज सोनोग्राफीत दिसत नाही. काल मोठं दिसणारं फॉलिकल आज आकसलं, आतला द्रव ओटीपोटात उतरलेला दिसला, की बीज बाहेर पडलं असं मानलं जातं.

हा घोटाळा फार जुना आहे. रेनिए द ग्राफ या डच वैद्याने १६७२ मध्ये या पिशव्यांचं सविस्तर वर्णन केलं, पण अख्खी पिशवी म्हणजेच अंडं, असा त्याचा समज झाला. सस्तन प्राण्याचं खरं बीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडाशयात पाहिलं. मध्ये दीडशे वर्षं गेली. आपल्या बोलण्यात ती चूक अजून राहिली आहे, आणि तिचा त्रास होतो. 'फुटलं' हा शब्द ऐकून बीज वाया गेलं या समजुतीने धास्तावलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तो शब्द ऐकायला कसाही वाटला, तरी बातमी चांगली असते.

मग हॉर्मोन्स कोण तयार करतं? बीज स्वतः?

नाही, त्याच्याभोवतीच्या पेशी. फॉलिकलच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थराला थीका म्हणतात आणि आतल्या थराला ग्रॅन्युलोसा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दोन हॉर्मोन्स पाठवते, एलएच आणि एफएसएच. एलएचच्या सांगण्यावरून बाहेरचा थर अँड्रोजेन बनवतो. ते पाझरून आतल्या थरात येतं आणि तिथे एफएसएचच्या प्रभावाखाली ॲरोमटेज नावाचं एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे मुख्यतः इस्ट्राडायोलमध्ये, रूपांतर करतं. कोणत्याही एका थराला हे काम एकट्याने जमत नाही.

ज्याला सरसकट 'पुरुषी हॉर्मोन' म्हटलं जातं, ते अँड्रोजेन अशा रीतीने प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात रोज तयार होतं आणि इस्ट्रोजेन त्याच्यापासूनच बनतं. त्यामुळे 'पुरुषी' हे विशेषण मला पटत नाही. तपासणीत ते सापडलं म्हणून कुणी बिचकून जाऊ नये. प्रश्न असतो तो फक्त प्रमाणाचा.

प्रत्येक चक्रात अनेक फॉलिकल्स वाढू लागतात, मग शेवटपर्यंत एकच का टिकतं?

पाळीच्या सुरुवातीला एफएसएचची पातळी थोडी वर जाते आणि तयारीत असलेली काही लहान फॉलिकल्स वाढीला लागतात. ती वाढताना इस्ट्राडायोल आणि इन्हिबिन-बी नावाचं आणखी एक हॉर्मोन तयार करतात. ही दोन्ही पिट्युटरीला एफएसएच कमी करायला लावतात. म्हणजे ज्या एफएसएचवर ती जगत असतात, त्यालाच ती आटवत नेतात. अशा टंचाईत जे फॉलिकल थोडं पुढे गेलेलं असतं, ज्याच्यावर एफएसएच पकडणारे ग्राहक जास्त असतात आणि ज्याला रक्तपुरवठा चांगला मिळतो, तेच तग धरतं. पुढे त्याच्या आतल्या थरावर एलएचचे ग्राहकही तयार होतात, त्यामुळे एफएसएच घटलं तरी त्याचं भागतं. बाकीची विरून जातात.

वंध्यत्वाच्या उपचारात बाहेरून एफएसएचची इंजेक्शनं देतात, ती ही टंचाई टाळण्यासाठी. मग एकाऐवजी अनेक फॉलिकल्स मोठी होतात. त्यामुळे पुढची बीजं लवकर 'संपतात' का, ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. तसं होत नाही. जी त्या चक्रात विरून जाणारच होती, तीच वाचवली जातात.

बीज केव्हा सोडायचं हे मेंदू ठरवतो ना?

या सगळ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे. पुस्तकातली आकृती पाहिली की वर मेंदू आणि खाली अंडाशय असतं, बाण वरून खाली येतात, आणि हुकूम मेंदूचा, अंमलबजावणी अंडाशयाची, असा समज होतो. प्रत्यक्षात वेळ ठरते ती अंडाशयात.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचं हॉर्मोन थेंबाथेंबाने, ठोक्याठोक्याने सोडतो. चक्राच्या पहिल्या भागात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका पडतो. त्या ठोक्यांमुळे पिट्युटरीतून एलएच आणि एफएसएच बाहेर पडतात. बहुतेक दिवस इस्ट्रोजेन या सगळ्याला लगाम घालतं. पण फॉलिकल पिकत आलं की ते इस्ट्राडायोल इतकं बनवतं, की रक्तातली पातळी मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या वर जाते. ती तशी सलग दोनेक दिवस, साधारण ५० तास राहिली, की उलटंच घडतं. जे इस्ट्रोजेन इतके दिवस एलएचला दाबत होतं, तेच आता एलएचला उसळवतं. पिट्युटरीने साठवून ठेवलेलं एलएच धो धो बाहेर येतं. हीच एलएचची लाट.

यात 'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. इस्ट्रोजेन काही तासांपुरतं वर जाऊन खाली आलं तर लाट येत नाही. इतकं इस्ट्रोजेन इतका वेळ बनवत राहणं पिकलेल्या फॉलिकललाच जमतं. म्हणजे 'मी तयार आहे' असं फॉलिकल आधी कळवतं आणि मग मेंदू व पिट्युटरी त्याला उत्तर देतात.

अर्न्स्ट क्नोबिल या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ऱ्हीसस माकडिणींवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात माकडिणींचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलेलं होतं आणि बाहेरून दर तासाला एक, अगदी एकसारखा ठोका दिला जात होता. मधल्या दिवसांत त्यात काहीच वाढवलं नाही. तरीही एलएचची लाट आली आणि बीज सुटलं. मेंदूकडून येणारा ताल आवश्यक होता, पण लाट केव्हा उठणार हे अंडाशयाने ठरवलं.

लाट आल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत आत काय काय चालतं?

लाट सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी आणि ती शिगेला पोहोचल्यापासून साधारण १० ते १२ तासांनी बीज बाहेर पडतं. या दीड दिवसात तीन कामं एकदम चालू असतात.

पहिलं काम बीजाचं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांचं विभाजन सुरू होऊन मध्येच थांबलेलं असतं. तिशीतल्या बाईचं बीज म्हणजे तीस वर्षं अर्ध्यावर थबकलेली पेशी. एलएचची लाट आली की ते थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू होतं. गुणसूत्रांचे निम्मे संच एका छोट्या पेशीत टाकून दिले जातात आणि बीज पुन्हा एका टप्प्यावर थांबतं. उरलेलं विभाजन शुक्राणू आत शिरला तरच पूर्ण होतं. गंमत अशी की एलएच थेट बीजाशी बोलतच नाही. बीजावर एलएचचे ग्राहक नाहीत. भिंतीतल्या पेशी एलएच ओळखतात, त्या दुसरे रासायनिक निरोप पुढे धाडतात आणि बीजाला थांबवून धरणारे संकेत ओसरतात.

दुसरं काम हॉर्मोन्सच्या पालटाचं. ग्रॅन्युलोसा पेशी आपला धंदाच बदलतात. बीज सुटण्याच्या २४ ते ३६ तास आधी शिखरावर असलेलं इस्ट्राडायोल झपाट्याने घसरतं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन, बीज सुटण्याच्या आधीच, हळूहळू चढू लागतं. हा आधीचा चढ छोटा असला तरी महत्त्वाचा असतो. पुढे भिंत फाटण्यासाठी तो लागतो.

तिसरं काम भिंतीचं. 'फुटणं' म्हणताना फुगा डोळ्यासमोर येतो, पण आतला दाब वाढून भिंत फुटते असं नाही. प्रोस्टाग्लँडिन्स नावाची दाह घडवणारी रसायनं तयार होतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, भिंतीतले तंतू विरघळवणारी एन्झाइम्स कामाला लागतात. अंडाशयाच्या पृष्ठभागावरचा एक बिंदू पातळ होत जातो. दाह झालेल्या जागी जे घडतं, त्याच्याशी हे खूप मिळतंजुळतं आहे. त्याच वेळी बीजाभोवतीच्या पेशी हायल्युरॉनिक ॲसिडमुळे फुलून चिकट, मऊ ढगासारख्या होतात आणि बीज त्या ढगासकट अलगद बाहेर येतं. गर्भनलिकेच्या टोकाची झालर हा चिकट पुंजका सहज पकडू शकते. नुसतं गुळगुळीत बीज तिला तितकं सहज पकडता आलं नसतं.

म्हणून त्या दिवसांत वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत असं म्हणतात का?

हो, आणि त्याचं कारण वरच्या तिसऱ्या कामातच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन्स अडवतात. ती नेमकी या काळात घेतली गेली, तर काही जणींमध्ये भिंत फाटायला उशीर होतो किंवा ती फाटतच नाही. गरोदरपणासाठी प्रयत्न चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दुसरा पर्याय घ्यावा. संधिवातासारख्या आजारासाठी रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. इतरांनी एखाद्या गोळीमुळे घाबरण्याचं कारण नाही.

ओव्ह्युलेशन चौदाव्या दिवशीच होतं का?

नाही. बीज सुटण्यापूर्वीचा काळ किती लांबणार हे फॉलिकल पिकण्यावर अवलंबून असतं आणि त्याला कॅलेंडर माहीत नसतं. बीज सुटल्यानंतरचा काळ त्या मानाने स्थिर असतो. १९२०च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी, एकमेकांना न विचारता, हेच ओळखलं होतं की दिवस मोजायचे तर पुढच्या पाळीपासून मागे मोजायला हवेत. तिथून मागे साधारण दोन आठवडे.

२०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली, बीज सुटण्यापूर्वीचा टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा आणि नंतरचा १२.४ दिवसांचा. सरासरीसुद्धा चौदावर येत नाही. एकेकीचा आकडा तर त्याहून कितीतरी पुढे-मागे असतो, आणि एकाच बाईचा महिन्यागणिक बदलतो. 'माझं चौदाव्या दिवशी होत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय' असं मनाला लावून घेणाऱ्या प्रत्येकीने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मग गर्भधारणेचे दिवस कोणते?

बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. शुक्राणू अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र १२ ते २४ तासच. तो अनुकूल स्राव चढत्या इस्ट्रोजेनमुळेच तयार होतो. गर्भाशयमुखातला चिकटा पातळ, पारदर्शक, बोटांमध्ये तार धरणारा होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. प्रोजेस्टेरॉन वाढलं की एक-दोन दिवसांत तो परत घट्ट होतो. त्यामुळे तापमान वाढायची वाट पाहून प्रयत्न करणाऱ्यांना बहुधा उशीर होतो. सकाळचं तापमान प्रोजेस्टेरॉनमुळे साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं खरं, पण तोवर बीज सुटून गेलेलं असतं.

घरच्या किटवर दोन रेघा गडद आल्या. बीज सुटलं असं समजू का?

लघवीची किट एलएचची लाट दाखवते, बीज बाहेर पडल्याचं दाखवत नाही. पॉझिटिव्ह आल्यानंतर बहुतेक वेळा पुढच्या एक-दीड दिवसात बीज सुटतं, त्यामुळे प्रयत्नांसाठी ती उपयोगी आहे. मात्र दोन ठिकाणी ती फसवते. पीसीओएस (अंडाशयात अनेक लहान फॉलिकल्स अर्ध्या वाटेवर अडण्याची स्थिती) असलेल्या काही जणींमध्ये एलएच मुळातच वरच्या पातळीवर असतं, त्यामुळे रेघ वारंवार गडद दिसू शकते. आणि क्वचित लाट येते, प्रोजेस्टेरॉनही चढतं, पण भिंत फाटतच नाही आणि बीज आतच अडकतं.

प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी करा' असं का सांगतात?

अठ्ठावीस दिवसांचं चक्र गृहीत धरून. खरा हेतू पुढची पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी रक्त घेण्याचा असतो, कारण बीज सुटल्यावर आठवडाभराने प्रोजेस्टेरॉन शिखरावर असतं. पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर ही तपासणी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी. मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर पातळी असेल तर बीज सुटल्याचं सहसा मानतात. चुकीच्या दिवशी केलेल्या तपासणीवरून 'तुमचं ओव्ह्युलेशन होत नाही' असा शिक्का बसलेल्या कितीतरी जणी भेटतात. रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी तो चक्राचा कितवा दिवस होता ते बघा, आणि डॉक्टरांनाही दाखवा.

मधल्या दिवसांत पोटात एका बाजूला दुखतं, तेच का हे?

बहुधा तेच. ताणलेली भिंत आणि पोटाच्या आतल्या आवरणाला लागलेला द्रव किंवा थोडं रक्त, यामुळे काही तास ते एक-दोन दिवस दुखू शकतं. अनेकींना काहीच जाणवत नाही, तेही नेहमीचंच. पण अचानक असह्य कळ, चक्कर, ताप किंवा उलट्या असतील तर घरी वाट पाहू नका. अंडाशयाला पीळ पडणं किंवा पोटात रक्तस्राव होणं अशी तातडीची कारणं असू शकतात.

अंडाशयांची पाळी एकाआड एक असते का?

असा काही नियम नाही. ज्या बाजूचं फॉलिकल पुढे जातं, तिथून बीज सुटतं. एक अंडाशय काढलं असेल तर दुसरं दर महिन्याचं काम करू शकतं.

पाळी नियमित येते म्हणजे बीज सुटतंच असं धरायचं का?

बहुतेकदा हो, पण खात्रीने नाही. बीज न सुटताही, इस्ट्रोजेनवर वाढलेलं गर्भाशयाचं अस्तर कधीतरी ढासळतं आणि रक्तस्राव होतो. तो पाळीसारखाच दिसतो. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं आणि रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षं यांत असं जास्त घडतं.

पीसीओएसमध्ये नेमकं कुठे अडतं?

वर 'टंचाई' म्हणून जो टप्पा सांगितला, तिथे. अनेक लहान फॉलिकल्स असतात, पण त्यांतलं एकही पुढे निघत नाही. एलएच तुलनेने जास्त असतं, त्यात इन्सुलिनची पातळी वाढलेली असेल तर बाहेरचा थर अँड्रोजेन अधिकच बनवतो. लहान फॉलिकल्समधून येणारं एएमएच नावाचं हॉर्मोन भरपूर असतं आणि ते एफएसएचचा परिणाम बोथट करतं. मग २०० पिकोग्रॅमचा तो सलग टप्पा गाठलाच जात नाही आणि लाट येत नाही. सोनोग्राफीत दिसतात ते 'सिस्ट' म्हणजे गाठी नव्हेत, अर्ध्या वाटेवर थांबलेली फॉलिकल्स आहेत.

ओव्ह्युलेशन घडवून आणण्यासाठी दिलं जाणारं लेट्रोझोल हे औषध इथे कसं काम करतं हे आता लगेच कळेल. ते ॲरोमटेज अडवतं, इस्ट्रोजेन तात्पुरतं घटतं, पिट्युटरीवरचा लगाम सुटतो, एफएसएच वाढतं आणि थांबलेल्यांपैकी एखादं फॉलिकल चालू लागतं.

ताण, वजन घटणं, स्तनपान यांचा काय संबंध?

यांचा घाला जीएनआरएचच्या ठोक्यांवर पडतो. शरीराला ऊर्जा पुरत नसेल, व्यायाम खाण्याच्या मानाने फार होत असेल, किंवा मोठा मानसिक आघात असेल तर ठोके मंदावतात. स्तनपानातही ते मंद होतात. ताल बिघडला की फॉलिकल पिकतच नाही. 'टेन्शन घेऊ नकोस, मग होईल' हा सल्ला मात्र मला क्रूर वाटतो. रोजच्या काळज्या सांभाळत असताना बहुतेक बायकांचं ओव्ह्युलेशन व्यवस्थित चालू असतं. अडथळा असेल तर तो शोधावा, बाईच्या स्वभावावर खापर फोडू नये.

तातडीची गर्भनिरोधक गोळी बीज सुटल्यानंतर काम करते का?

लिव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी मुख्यतः लाट येऊ न देता किंवा लांबवून काम करते. लाट आधीच उठलेली असेल तर तिचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून ती जितकी लवकर घ्याल तितकं बरं. युलिप्रिस्टाल ही दुसऱ्या प्रकारची तातडीची गोळी लाट सुरू झाल्यावरही, ती शिगेला पोहोचण्यापूर्वी, बीज सुटणं पुढे ढकलू शकतं. आधीच राहिलेल्या गर्भावर यांतल्या कोणत्याही गोळीचा परिणाम होत नाही.

बीज गेल्यावर त्या रिकाम्या पिशवीचं काय होतं?

ती वाया जात नाही. भिंत फाटेपर्यंत ग्रॅन्युलोसा थरात रक्तवाहिन्या नसतात. फाटल्यावर बाहेरून रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्या रक्तातून प्रोजेस्टेरॉनचा कच्चा माल, म्हणजे कोलेस्टेरॉन, पहिल्यांदाच त्या पेशींना भरपूर मिळू लागतो. काही दिवसांत त्या जागी पिवळसर पीतपिंड उभा राहतो. आकाराने लहान, पण शरीरात सर्वाधिक रक्तपुरवठा असलेल्या ऊतींपैकी एक. प्रोजेस्टेरॉनमुळे जीएनआरएचचे ठोकेही तीन-चार तासांवर जातात, म्हणून या काळात दुसरी लाट उठत नाही.

गर्भ रुजला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी येते. गर्भ रुजला तर तो एचसीजी नावाचं हॉर्मोन सोडतो. एचसीजी एलएचच्याच ग्राहकांवर बसतं आणि पीतपिंडाला जगवतं. गरोदरपणाच्या सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास वार प्रोजेस्टेरॉनचं काम आपल्याकडे घेते. तोपर्यंतचा सगळा भार त्या फुटलेल्या पिशवीवरच असतो.